फ्रँकेन्स्टाइनचा गुन्हा नेमका कुठे घडतो?

प्रश्न : मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी 'गॉथिक विज्ञानकथा : शास्त्रज्ञाची महत्त्वाकांक्षा आणि नैतिक जबाबदारी' हा विषय आला आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' पूर्ण वाचली. 'जेकिल आणि हाइड' व 'डॉ. मोरो' चाळल्या. तिन्हींत शास्त्रज्ञाचा नाश होतो. मग या लेखकांना विज्ञानच नको होतं का? आणि महत्त्वाकांक्षा वाईट नसेल तर चूक नेमकी कुठे झाली?

उत्तर :

तुझ्या दोन प्रश्नांपैकी दुसरा खरा प्रश्न आहे. पहिला आपल्या शाळेतून आला आहे. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी लिहिलेला असतो, आणि पुढं कुठलीही विज्ञानकथा हातात आली की आपण तिला या दोहोंपैकी एका बाजूला टाकून मोकळे होतो. या कादंबऱ्या कुठल्याच बाजूला बसत नाहीत, हे भाषणाच्या सुरुवातीलाच सांगून टाक.

मी सोलापुरात एम.ए.च्या वर्गांना बरीच वर्षं 'फ्रँकेन्स्टाइन' शिकवली. पहिल्या-दुसऱ्या तासाला कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, हा तर भस्मासुर!" वर्तमानपत्रांनी तो शब्द आपल्या तोंडात बसवला आहे. प्लॅस्टिकचा भस्मासुर, अतिक्रमणांचा भस्मासुर, आता यंत्रांच्या बुद्धिमत्तेचा भस्मासुर. तुझ्या भाषणात तो आणू नकोस, कारण या कादंबरीपुरता तो चुकीच्या माणसावर आरोप ठेवतो. भस्मासुरानं तप केलं, वर मागितला, तो मिळाला, आणि ज्यानं दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला तो धावला. तिथं देणारा भोळा आणि घेणारा कृतघ्न. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन या तरुण शास्त्रज्ञानं प्रेतांचे भाग जोडून घडवलेल्या जीवानं काहीच मागितलं नव्हतं, आणि त्याला काही मिळालंही नाही. वर सोड, नावसुद्धा मिळालं नाही. लेखिका मेरी शेलीनं कादंबरीच्या मुखपृष्ठामागच्या पानावर इंग्रज कवी मिल्टनच्या महाकाव्यातल्या ओळी छापल्या आहेत. तिथं आदम आपल्या कर्त्याला विचारतो की मला मातीतून घडव अशी विनंती मी तुला केली होती का? भस्मासुराला हा प्रश्न विचारायची सोय नाही. या जीवाला आहे, आणि पुढची सगळी कादंबरी त्या प्रश्नावर उभी आहे.

आपल्याकडची गोष्टच हवी असेल तर वेताळाची घे. चार भाऊ वेगवेगळ्या विद्या शिकून येतात आणि अरण्यात सापडलेल्या एका हाडावर त्या आजमावतात. एक मांस चढवतो, दुसरा कातडी आणि केस, तिसरा राहिलेले अवयव, चौथा प्राण घालतो. उभा राहतो तो सिंह, आणि चौघांनाही खातो. हीच गोष्ट पंचतंत्रात आली की तिथं एक शहाणा झाडावर चढून वाचतो आणि व्यवहारज्ञानाचा धडा मिळतो. वेताळाचा प्रश्न जास्त अवघड आहे. तो राजाला विचारतो, चौघांपैकी पाप कुणाला लागलं? राजा म्हणतो, प्राण घालणाऱ्याला. पहिल्या तिघांना आपण कोणता प्राणी घडवतो आहोत हे ठाऊक नव्हतं. चौथ्यासमोर पुरा सिंह तयार होता, आणि तरीही केवळ आपली विद्या दाखवायची म्हणून त्यानं प्राण घातला.

विद्या शिकणं हा गुन्हा आहे असं राजा म्हणत नाही. तो दोन गोष्टी तपासतो. त्या क्षणी याला काय दिसत होतं, आणि यानं ते कशासाठी केलं. याच दोन गोष्टी व्हिक्टरच्या बाबतीत तपासून बघ. राजानंही न विचारलेला तिसरा प्रश्न मेरी शेली विचारते, तो मात्र पुढं येईल.

आधी तुझा पहिला प्रश्न मार्गी लावते. मेरी शेलीला विज्ञानाचा तिटकारा होता का? १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ तिनं ही गोष्ट सुचून लिहायला घेतली तेव्हा ती १८ वर्षांची होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्याच्या राखेनं युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही. पाऊस, गारठा आणि घरात कोंडलेली मंडळी. कवी बायरनच्या घरी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली, हे तू वाचलंच असशील. त्याच काळात तिथं जीवनाचं मूळ तत्त्व काय, मेलेल्या शरीरात ते परत आणता येईल का, यावर बोलणं चालायचं, हे लोक कमी सांगतात. गॅल्व्हानीनं विजेनं बेडकाचे पाय हलवून दाखवले होते. त्याचा भाचा आल्दिनी यानं १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या शरीराला विजेचे झटके दिले, तेव्हा प्रेताचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. कादंबरी लिहीत असताना मेरी हम्फ्री डेव्हीचं रसायनशास्त्र वाचत होती. १ जानेवारी १८१८ ला पुस्तक निघालं, लेखिकेच्या नावाशिवाय, ५०० प्रती.

अशी बाई विज्ञानाला नावं ठेवायला बसत नाही. पुरावा कादंबरीतच आहे. इंगोलश्टाटच्या विद्यापीठातले प्राध्यापक वॉल्डमन हे कादंबरीतल्या सर्वांत मायाळू माणसांपैकी एक. जुन्या किमयागारांना हसण्यावारी न नेता त्यांनी काय दिलं हे ते व्हिक्टरला समजावतात, नवं रसायनशास्त्र काय करू शकतं ते सांगतात, आपली प्रयोगशाळा उघडून देतात. शोधाचा आनंद काय असतो यावरची वाक्यं ज्या प्रेमानं लिहिली आहेत ती वाचून तुझ्यासारख्या मुलीला हुरूपच यावा.

मग 'देवाच्या कामात ढवळाढवळ केली म्हणून शिक्षा' हे वाचन आलं कुठून? बरंचसं पुस्तकाबाहेरून. १८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर जे नाटक आलं त्याच्या नावातच 'उद्दामपणा' होता, आणि त्यात तो जीव मुका होता. १८३१ च्या सुधारित आवृत्तीला मेरीनं प्रस्तावना जोडली, त्यात विधात्याच्या यंत्रणेची नक्कल करण्याच्या भयंकरपणाबद्दल एक वाक्य आहे, तेच सगळीकडे उद्धृत होतं. १९३१ च्या चित्रपटानं तर चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसवला गेला असं दाखवून सगळा प्रश्नच मिटवला. मेंदू वाईट, म्हणून वागणं वाईट. मूळ कादंबरीत असं काही नाही. तिथला जीव सुंदर, रेखीव भाषेत बोलतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, आणि आपल्या कर्त्याला युक्तिवादात निरुत्तर करतो. शक्य असेल तर १८१८ ची आवृत्ती मिळवून वाच. १८३१ मध्ये मेरीनं व्हिक्टरला बराचसा नियतीच्या हाती दिलं आहे. आधीच्या पुस्तकात त्याच्या निवडी त्याच्या स्वतःच्या आहेत, आणि आपला विषय निवडींचाच आहे.

आता मुद्द्यावर येते. चौथ्या प्रकरणात (हल्ली बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रती १८३१ च्या, त्या हिशेबानं) एक वाक्य आहे, ज्यावरून मुलं सरळ पुढं जातात. व्हिक्टर म्हणतो की शरीराचे भाग बारीक असल्यानं कामाचा वेग कमी होत होता, म्हणून मूळ बेत बदलून मी आठ फूट उंचीचा, त्या प्रमाणात रुंद असा देह घडवायचं ठरवलं. इथं थांब. त्या जीवाला आयुष्यभर लोक ज्या कारणानं दगड मारणार आहेत, पोरं किंचाळून पळणार आहेत, ती त्याची अवाढव्य काया कुठून आली? संशोधकाच्या सोयीतून. बारीक शिवण नको होती म्हणून. यात वाईट हेतू नाही, क्रौर्य नाही. पण त्या शरीरात कुणाला तरी राहायचं आहे, हा विचार त्या क्षणी त्याच्या डोक्यात येत नाही. वेताळाच्या राजाचा पहिला निकष इथं लागतो. याला सगळं दिसत होतं. मापं त्यानंच घेतली होती.

ते भाग कुणाचे, हेही तो विचारत नाही. स्मशानं, शवविच्छेदनाची खोली, कत्तलखाना, इतकंच सांगतो. त्या काळी इंग्लंडमध्ये कायद्यानं फासावर गेलेल्या खुन्यांचीच प्रेतं शरीरशास्त्रासाठी मिळत, ती पुरत नसत, आणि कबरी उकरून प्रेतं विकणाऱ्या टोळ्या असत. मेरीच्या वाचकांना ती भीती घरातली होती. आज आपल्याकडं माणसं राजीखुशीनं देहदान करतात आणि वैद्यकीयचे विद्यार्थी पहिल्या वर्षी त्या देहासमोर शपथ घेतात. त्या शपथेला किती मोठा काळा इतिहास मागं टाकून यावं लागलं, ते या एका वाक्यावरून कळतं.

मग पाचवं प्रकरण. नोव्हेंबरची रात्र, पाऊस, मेणबत्ती संपत आलेली. जीवाचा पिवळसर डोळा उघडतो, तो श्वास घेतो, हातपाय हलतात. जवळजवळ दोन वर्षांच्या कष्टाचं फळ. व्हिक्टर काय करतो? तो खोलीबाहेर पळतो. झोपायच्या खोलीत येरझाऱ्या घालतो आणि कपड्यांसकट बिछान्यावर पडून झोपतो. जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा उचलून उभा आहे. जबडा हलतो आहे, काहीतरी अस्पष्ट आवाज येतो आहे, गालावर हसू उमटतं आहे, एक हात पुढं आलेला आहे. नुकत्याच जन्मलेल्यानं आपल्या माणसाकडं बघून हसावं, हात पुढं करावा, एवढंच ते आहे. व्हिक्टरला वाटतं तो आपल्याला धरून ठेवतोय. तो जिना उतरून अंगणात पळतो आणि रात्रभर तिथंच काढतो. दुसऱ्या दिवशी घरी येतो, तो जीव निघून गेलेला दिसतो, आणि याला हर्ष होतो. टाळ्या वाजवतो. हे पुस्तकात आहे, मी वाढवून सांगत नाही.

एका वर्षी आमच्या वर्गात पूर्व भागातली एक मुलगी होती. घरी यंत्रमाग, वडील आणि भाऊ दोघेही मागावर. हा प्रसंग वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, यानं सगळं आणलं, पण त्याला गुंडाळायला एक कापड आणलं नाही." सगळा वर्ग गप्प झाला. आपल्याकडं मूल व्हायच्या आधी आजीचं मऊ झालेलं जुनं लुगडं काढून ठेवतात, दुपटी शिवतात, कुंची शिवतात. मूल काळं होईल की गोरं, मुलगा की मुलगी, काही माहीत नसतं; पण ते आल्यावर त्याला थंडी वाजणार हे माहीत असतं. व्हिक्टरनं शिरा मोजल्या, दात निवडले, केस काळेभोर चमकदार निवडले, आणि आठ फुटांच्या माणसाला नोव्हेंबरात अंगावर काय, याचा विचार दोन वर्षांत एकदाही केला नाही. तिच्या बोलण्यानंतर आम्ही पुढची पानं त्याच दृष्टीनं वाचली तर मेरीनं ते स्वतःच लिहून ठेवलेलं सापडलं. तो जीव पुढं आपली हकिगत सांगताना म्हणतो की थंडी वाजली म्हणून निघण्यापूर्वी मी तिथले काही कपडे अंगावर घेतले, पण रात्रीच्या दवाला ते पुरेनात. आणि त्याच कपड्यांच्या खिशात त्याला व्हिक्टरची टिपणवही सापडते. आपण कसे घडलो आणि आपल्याला पाहून आपल्या कर्त्याला किती किळस आली, हे तो तिथं वाचतो.

वेताळाच्या राजानं न विचारलेला प्रश्न इथं आहे. प्राण घातल्यानंतर तू काय केलंस? सिंहाच्या गोष्टीत हा प्रश्नच येत नाही, कारण सिंह उठताक्षणी खातो. त्याला जवळ घेतलं असतं तरी त्यानं खाल्लंच असतं. मेरीचा जीव तसा नाही. तो भुकेला असताना, ज्यांच्या झोपडीला लागून लपून राहतो त्या गरीब डी लेसी कुटुंबाच्या साठ्यातलं खाणं चोरायचा, पण ते स्वतः अर्धपोटी आहेत हे कळल्यावर चोरणं सोडतो आणि रानातली फळं, कंदमुळं खाऊन राहतो. रात्री त्यांच्यासाठी लाकडं तोडून दारात ठेवतो. बोलायला, वाचायला त्यांचं ऐकून शिकतो. आंधळा म्हातारा एकटाच त्याच्याशी माणसासारखं बोलतो, कारण त्याला दिसत नाही. मग घरची तरणी माणसं येतात आणि म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स काठीनं त्याला झोडपतो. आपण मुळात चांगलेच होतो, दुःखानं आपल्याला सैतान केलं, हे त्याचं म्हणणं आहे, आणि मेरीनं ते खोडून काढलेलं नाही.

मेरीला हे कुठून कळलं, यावर थोडं बोलायला हरकत नाही, पण फार रेंगाळू नकोस. तिची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी वारली. तिची स्वतःची पहिली मुलगी १८१५ मध्ये दोन आठवडेही जगली नाही. कादंबरी लिहिताना मांडीवर तिचा काही महिन्यांचा मुलगा विल्यम होता, आणि कादंबरीत पहिला बळी जाणाऱ्या लहान मुलाचं, व्हिक्टरच्या धाकट्या भावाचं, नावही विल्यमच आहे. जन्म दिल्यावर काय काय होऊ शकतं, हे त्या मंडळींत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथं परीक्षक तुला विचारतील : मग काय, जीव निर्दोष? त्यानं लहान मुलाचा गळा दाबला, पुढं आणखी खून केले. नाही, निर्दोष नाही, आणि तसं सिद्ध करायला जाऊ नकोस. त्याचा दोष त्याच्या माथी पूर्ण आहे. पण त्यानं व्हिक्टरचा दोष कमी होत नाही. जबाबदारी ही वाटणीची जमीन नाही, की एकाचा हिस्सा वाढला म्हणून दुसऱ्याचा घटला.

व्हिक्टरच्या दोषाचं सर्वांत उघड उदाहरण मला जन्माच्या रात्रीतसुद्धा दिसत नाही. ते जस्टिनच्या खटल्यात आहे. विल्यमचा खून झाला, त्याच्या गळ्यातलं पदक घरात कामाला असलेल्या जस्टिनच्या खिशात सापडलं, तिला अटक झाली. खून कुणी केला हे त्या शहरात एकट्या व्हिक्टरला ठाऊक आहे. तो गप्प बसतो. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, लोक वेडा म्हणतील, असं स्वतःला समजावतो. धर्मगुरूनं नरकाची भीती घातल्यावर जस्टिन खोटा कबुलीजबाब देते आणि फासावर जाते. व्हिक्टर या प्रसंगी आपल्या यातना तिच्यापेक्षा मोठ्या होत्या असं सांगतो, कारण ती निरपराध होती आणि आपल्या पोटात पश्चात्तापाचा किडा होता. हे वाचताना माझा दर वेळी संताप होतो. या प्रकरणात विज्ञान कुठं आहे? विजेचा झटका नाही, प्रयोगशाळा नाही. आपल्या कामाचा परिणाम दुसऱ्याच्या मानेभोवती आवळला जात असताना तोंड उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे; आणि तो आजच्या कुठल्याही कारखान्यात, दवाखान्यात, प्रयोगशाळेत जसाच्या तसा येतो. भाषणात वेळ कमी असेल तर बाकी सगळं गाळ, जस्टिन गाळू नकोस.

ती चुप्पी त्या रात्री सुरू झालेली नाही. त्याच्या सगळ्या कामाचीच ती रीत होती. घराच्या वरच्या मजल्यावर, बाकीच्या खोल्यांपासून तोडलेल्या एका कोठडीत त्यानं काम केलं. वडिलांच्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत. वॉल्डमनना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या प्रेमळ म्हाताऱ्यानं एक साधा प्रश्न विचारला असता : उठल्यावर त्याला ठेवणार कुठं? सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तुला हे रोज दिसतं. वाढवलेलं कल्चर, म्हणजे जंतूंची वाढ, ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंशांना मारल्याशिवाय पेट्री डिश बाहेर जात नाही, आणि ते कृतीत आधीच लिहिलेलं असतं, कारण ती कृती अनेकांच्या नजरेखालून गेलेली असते. व्हिक्टरच्या वहीत शेवटची पायरीच नव्हती, आणि ती नाही हे दाखवणारंही जवळ कुणी नव्हतं.

महत्त्वाकांक्षा हाच रोग असता तर मेरीनं कादंबरीत दुसरा महत्त्वाकांक्षी माणूस आणलाच नसता. कॅप्टन वॉल्टन उत्तर ध्रुवाकडं निघाला आहे, त्याच्या पत्रांतून आपल्याला सगळी गोष्ट कळते. जहाज बर्फात अडकतं, माणसं मरू लागतात, खलाशी म्हणतात की वाट मोकळी झाली तर मागं फिरायचं वचन द्या. त्या वेळी मरणपंथाला लागलेला व्हिक्टर उठून त्यांना भाषण देतो : भ्याडासारखे परतू नका, वीर होऊन या. महत्त्वाकांक्षेपासून दूर राहा असा उपदेश वॉल्टनला करणारा हाच माणूस. आणि मरताना तो म्हणतो की मागच्या वागण्याकडं वळून बघता मला त्यात दोष सापडत नाही, शिवाय जिथं मी हरलो तिथं दुसरा कुणी जिंकेलही. म्हणून व्हिक्टरच्या तोंडचा उपदेश कादंबरीचा निष्कर्ष म्हणून वापरू नकोस. वॉल्टन कुरकुरत, मनाविरुद्ध, कडवटपणे जहाज वळवतो. त्याला थोर वाटत नाही. पण ज्यांचे जीव पणाला लागले होते त्यांचं त्यानं ऐकलं आणि ती माणसं घरच्या वाटेला लागली.

बाकीच्या दोन पुस्तकांवर थोडक्यात. १८८६ च्या जेकिलमध्ये डॉक्टर औषध पिऊन हाइड नावाचा दुष्ट माणूस बनतो, तिथं पळून जायला अंगणही लागत नाही. डॉक्टर स्वतःच्याच आत पळतो. दुष्कृत्यं हाइडची, जेकिल कोरा, असा हिशेब तो मांडतो आणि कबुलीतही हाइडबद्दल 'तो' म्हणून बोलतो. तुझ्यासारखीनं त्यातला क्षाराचा तपशील जरूर सांगावा : पहिल्यांदा आणलेल्या क्षारात काहीतरी अनोळखी भेसळ होती, तिच्यामुळंच औषध लागू पडत होतं, नंतर शुद्ध क्षारानं ते जमेना. आपण काय वापरतो आहोत हेच त्याला ठाऊक नव्हतं. १८९६ चा मोरो या सगळ्यांत स्पष्टवक्ता. जनावरांना चिरून माणसं करण्याच्या कामात नीतीचा प्रश्न मला कधी पडलाच नाही, असं तो सरळ सांगतो. इंग्लंडमध्ये १८७६ साली जनावरांवरच्या प्रयोगांवर कायदा झाला होता, त्या वादाच्या पार्श्वभूमीवर हे वाच. मोरोसुद्धा आपली जनावरं पुन्हा पशुत्वाकडं झुकू लागली की त्यांना बेटावर सोडून देतो आणि नवं चिरायला घेतो. व्हिक्टर भीतीनं सोडतो, मोरो कंटाळून, एवढाच फरक.

आजची उदाहरणं द्यायची तर दोन दे, आणि एकमेकांना छेद देणारी दे. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे च्यानक्वे या चिनी संशोधकानं जाहीर केलं की त्यानं जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून गर्भावस्थेआधीच एक जनुक बदललं होतं. काम गुपचूप झालं होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या न्यायालयानं त्याला ३ वर्षांची कैद दिली. शिक्षा झाली, पण त्या मुलींच्या शरीरात झालेल्या बदलावर आयुष्यभर नजर कोण ठेवणार, हा प्रश्न शिक्षेनं सुटत नाही.

दुसरं उदाहरण कोलकात्याचं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ ला भारतातली पहिली नळीबाळ (टेस्ट ट्यूब बेबी), दुर्गा, जन्मली. जगातल्या पहिल्या मुलीनंतर सव्वादोन महिन्यांनी. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांचा दावा फेटाळला, परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही, बदली झाली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांनी काम लपवलं नव्हतं, सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांनी आपलं काम केलं नाही. पुढं १९८६ च्या मुंबईतल्या नळीबाळाचे एक शिल्पकार डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं अभ्यासली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिलेपणाचा मान आपला नाही, त्यांचा आहे. जबाबदार महत्त्वाकांक्षा कशी दिसते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

डॉ. कोटणीसांचं नाव मात्र आणू नकोस. सोलापुरातला प्रत्येक वक्ता वैद्यकाचा विषय निघाला की तिकडं जातो, टाळ्याही मिळतात. पण त्यांचं चीनमधलं काम हे रुग्णसेवेचं होतं, नवं काही घडवण्याचं नव्हतं, आणि त्यांच्या आदरापोटीच ते नाव विषयाला जोडून घेण्यासाठी वापरू नये असं मला वाटतं.

शेवटी एक अवघड प्रश्न, जो चांगला परीक्षक विचारणारच. जीव व्हिक्टरकडं एक जोडीदारीण मागतो. दिलीस तर आम्ही दोघं दक्षिण अमेरिकेच्या ओसाड रानात निघून जाऊ म्हणतो. व्हिक्टर कबूल होतो, स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनीच्या एका बेटावर काम सुरू करतो, आणि मग थबकतो. तिनं करार मान्य केला नाही तर? त्यांना मुलं झाली तर? खिडकीत तो जीव बघत उभा असताना व्हिक्टर तो अर्धवट देह फाडून टाकतो. त्यानं बरोबर केलं का?

माझं मत असं. दुसरा जीव घडवायला नकार देणं बरोबर होतं. जी जन्मालाच आली नाही तिच्या वतीनं तिचं लग्न ठरवण्याचा अधिकार दोघांपैकी कुणालाच नव्हता, आणि परिणामांचा विचार व्हिक्टर प्रथमच कृतीच्या आधी करतो आहे. पण नकाराची रीत तीच जुनी आहे. एकट्यानं ठरवलं, समोरच्याशी एक शब्द न बोलता फाडलं, उरलेले तुकडे टोपलीत दगडांसकट भरून रात्री समुद्रात टाकले. नकार दिल्यावर पहिल्याच्या एकटेपणाचं काय, याची जबाबदारी त्याच्यावरच राहत होती. जोडीदारीण देता येत नव्हती, स्वतःची सोबत देता आली असती. निदान तसं म्हणून बघता आलं असतं. तो पर्याय त्याच्या मनाला शिवतही नाही. यावर माझ्या वर्गांत एकमत कधीच झालं नाही. कित्येक हुशार मुलींनी मला ठासून सांगितलं आहे की इतके खून झाल्यावर त्या जीवासोबत राहा म्हणणं अन्यायाचं आहे. तू तुझं मत ठरव, पण त्याआधी ११ ते १६ ही जीवाच्या तोंडची प्रकरणं एका बैठकीत वाच, आणि मधलं सोडून लगेच २०वं उघड.